सूर्यास्तानंतरचं पाणी

माझ्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला, कातडीखाली, भुईमुगाच्या दाण्याएवढी एक वस्तू बसवलेली आहे. मला बायकोची आठवण यावी की नाही, हे ती वस्तू ठरवते. असं मी म्हटलं की आमच्या डॉक्टर वसगडेकर चिडतात. "मगदूम, शास्त्राला बदनाम करू नका," म्हणतात. पण हे खोटं आहे असं काही त्या म्हणत नाहीत, हे मी लक्षात ठेवलं आहे.

मी भूपाल मगदूम. पंचगंगेच्या काठी आमचं गुऱ्हाळ आहे आणि मी तिथला गुळव्या. म्हणजे काहिलीत उसाचा रस उकळत असताना तो कधी घट्ट झाला आणि काहील कधी उतरवायची, हे सांगणारा माणूस. हल्ली काहिलीला तापमापक असतो, पडद्यावर आकडे पळत असतात, तरी माझा थोरला भाऊ जिनगोंडादादा शेवटी माझ्याच तोंडाकडे बघतो. मी चार थेंब गार पाण्यात सोडतो, बोटांत गोळी करून बघतो आणि मान हलवतो. घट्टपणा हा माझा धंदा आहे. म्हणून माझ्याच रक्ताच्या घट्टपणानं माझी फजिती केली, ते मला जरा जास्तच लागलं.

साडेतीन वर्षांपूर्वी मेंदूच्या तळाशी, पियुषिका ग्रंथीवर, गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि जाताना ग्रंथीचा एक कोपराही घेऊन गेली. त्या कोपऱ्यातून वृषणांना हुकूम जायचा. हुकूम थांबला आणि शरीरात टेस्टोस्टेरॉन बनायचं थांबलं. लोकांना वाटतं, यानं दाढी विरळ होत असेल, ताकद जात असेल. ते होतंच. पण माझं खरं गेलं ते वेगळंच. त्रिशला शेजारी येऊन बसायची आणि मला ठाऊक असायचं की ही माझी बायको, चांगली आहे, हुशार आहे. गावाचा पिनकोड ठाऊक असावा तसं ठाऊक असायचं. वाटायचं मात्र काहीच नाही. दोन वर्षं अशी गेली. तिनं एकदाही तक्रार केली नाही, आणि तक्रार का करत नाही असा प्रश्नही मला पडला नाही.

मग हा दाणा आला. सहा महिने पुरेल एवढं टेस्टोस्टेरॉन त्यात भरलेलं असतं, संपलं की डॉक्टर सुईनं पुन्हा भरतात. रोज पहाटे तो रक्तावर बारीक उजेड टाकून ते किती घट्ट आहे हे मोजतो, फार घट्ट नसलं तर झडप उघडतो आणि त्या दिवसापुरतं औषध सोडतो. बसवल्यापासून एकोणिसाव्या दिवशी मी गुऱ्हाळावरून घरी आलो. त्रिशला खिडकीशी उभी राहून ओढणीच्या टोकानं चष्मा पुसत होती. बिनचष्म्याचे तिचे डोळे जरा बारीक होतात, नाकावर दोन खळगे दिसतात. मी उंबऱ्यातच थांबलो.

"काय झालं रे?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. पूस तू चष्मा."

दोन वर्षं ती घरातच होती, आणि त्या दोन वर्षांची तिची आठवण मला त्या एका क्षणात आली. मी तिथंच रडलो. ती घाबरली, मग तिला कळलं, मग तीही रडली. आम्ही एकाच शाळेतले, सातवीपासून एकमेकांना ओळखतो. चारचौघांत ती मला अहो-जाहो करते, एरवी अरे-तुरे.

एवढं झाल्यावर नशिबानं काय करावं? तीन महिन्यांत तिची बदली लडाखला झाली. त्रिशला मोठ्या दुर्बिणींच्या आरशांची इंजिनिअर. चांगथांगच्या पठारावर, साडेचार हजार मीटरवर, नवी दुर्बीण उभी राहत होती आणि तिचा आरसा सांभाळायचं काम तिला मिळालं होतं. दोन वर्षांचं. या कामासाठी ती कॉलेजपासून झुरत होती. मी म्हटलं, "जा की." म्हणताना मी हसलो आणि मोटार वळणाआड गेल्यावर काहिलीच्या धुरात जाऊन उभा राहिलो. धुरात माणूस रडला तर कुणी विचारत नाही.

रोज संध्याकाळी साडेपाचला तिचा फोन यायचा, कारण आमच्या घरी अंथऊ असतो. सूर्यास्ताच्या आत जेवण उरकायचं. घरात सगळेच पाळतात, पण माझा नियम जास्त कडक. माझं ऑपरेशन चालू असताना आईनं बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, जाऊन माझ्या वतीनं शब्द दिला होता: माझा पोरगा वाचला, तर सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब घेणार नाही. पोरगा वाचला. तेव्हापासून मी दिवस मावळला की दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत कोरडा. त्रिशला पडद्यावर माझं ताट बघायची आणि म्हणायची, "भाकरी बारकी झालीया." मी म्हणायचो, "तू न्हाईस तर कुणासाठी खाऊ?" ती म्हणायची, "पोटासाठी खा की." माझा जीव तिच्यापाशी आणि धड गुऱ्हाळावर, असे आठ महिने काढले.

जूनमध्ये पंधरा दिवसांसाठी वर गेलो. लेहला दोन दिवस थांबलो, मग पठारावर. गाडीतून उतरलो तेव्हा ती धावत आली आणि दहा पावलांत धाप लागून बसली. मीही धावलो आणि मीही बसलो. दोघं मातीत बसून हसत होतो. चार दिवस इतके सुखाचे गेले की त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही.

पाचव्या पहाटे दंडात टिक-टिक झालं. फोनवर ओळ आली: लाल पेशींचा हिस्सा ५४ टक्के, झडप बंद.

मला वाटलं, उघडेल उद्या. उघडली नाही. आठव्या-नवव्या दिवसापासून आतली ओढ ओसरायला लागली. त्रिशला बोलत होती आणि मी तिच्या मागच्या डोंगराचा रंग बघत होतो. तिनं हात धरला, तर तो हात गार आहे एवढंच कळलं. मला सगळं कळत होतं. वाटत काहीच नव्हतं. आणि मी तिला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं मला लगेच खाली धाडलं असतं, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण असं की, सांगावं एवढं महत्त्वाचंच मला त्या दिवसांत काही वाटत नव्हतं.

"पावणा आल्यागत वागायलायस," बाराव्या दिवशी ती म्हणाली.

"न्हाई गं. विरळ हवा हाय, दमायला होतंय."

तिनं चष्मा काढला आणि पुसला. मी बघितलं आणि काही झालं नाही. दोन दिवस आधीच मी परत निघालो. खाली आल्यावर झडप उघडली. आठवड्यानं, भर काहिलीसमोर, तो पुसला जाणारा चष्मा मला आठवला आणि पळी हातातून सुटली. तिच्याजवळ असलो की तिची ओढ नाही, आणि ओढ आहे तेव्हा ती जवळ नाही. अडीच हजार किलोमीटर आणि चार हजार मीटर लांबून मला तिच्याजवळ जायचं होतं, आणि जवळ गेलो की ते 'जायचं होतं'च उरणार नव्हतं.

डॉक्टर वसगडेकरांनी सगळे आकडे बघितले. मग विचारलं, "मगदूम, रात्री पाणी किती पिता?"

"पीत नाही. सूर्यास्तानंतर नियम आहे."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "तिथंही?"

"नियम सगळीकडं नियमच की."

"तुम्ही गुळव्या ना? मग मला सांगा, काकवी घट्ट होते ती साखर वाढते म्हणून?"

पाणी उडतं म्हणून घट्ट होते. हे मला सहाव्या वर्षी ठाऊक होतं.

त्यांनी मग नीट समजावलं. रक्तातला लाल पेशींचा हिस्सा, ज्याला त्या हिमॅटोक्रिट म्हणतात, ते एक प्रमाण आहे. शंभर भाग रक्तात लाल किती आणि पाणी किती. उंचावर शरीर पहिल्याच आठवड्यात पाणी टाकून देतं, कोरडी हवा श्वासागणिक आणखी नेते. त्यात मी रात्रभर कोरडा, आणि दाणा मोजतो नेमका पहाटे. पेशी होत्या तेवढ्याच, पाणी आटलं, आकडा चढला. दाण्याला यातलं काय कळणार? त्यानं चोपन्न बघितलं आणि झडप लावली.

"म्हणजे पाणी प्यालो की झालं?" मी खुर्चीतून अर्धा उठलो होतो.

"बसा. पाण्यानं तीनेक आठवडे निभतील. पुढं नाही." उंचावर हवेत प्राणवायू कमी म्हणून मूत्रपिंडं अस्थिमज्जेला सांगतात, लाल पेशी वाढव. टेस्टोस्टेरॉनही तिला तेच सांगतं, वर शरीरानं कुलूपबंद ठेवलेलं लोह तिच्यापुढे मोकळं करतं. एकाच बैलाला दोन मालक हाकणार. महिन्याभरात पेशी खरोखरच वाढणार, मग कितीही पाणी प्या. घट्ट रक्ताची गुठळी झाली, तर ती मेंदूत जाते नाहीतर फुप्फुसात.

"मग रक्त काढून टाका. मागं काढलं होतं तसं."

"दोनदा काढलं. तुमचं लोह कुठं गेलं होतं आठवतंय? जिना चढवत नव्हता. आणि तिथं तर शरीराला ते रक्त हवंच आहे. औषध कमी करू, केलंच आहे, याहून कमी केलं तर असून नसून सारखंच. आणि मगदूम, चुंबक लावून झडप उघडून देणारा एकजण कोल्हापुरात आहे, हे मला माहीत आहे. त्याच्याकडं गेलेला माणूस वरच्या मजल्यावर आहे. उजवी बाजू गेलीय. भेटायचं असेल तर भेटून या."

मी भेटायला गेलो नाही. दारातून बघितलं तेवढं पुरलं.

आईला सांगायची मला भीती वाटत होती. ती अंगणात तांदूळ निवडत होती. मी दाणा, पाणी, उंची सगळं सांगितलं. त्रिशलाशी मी कसा वागलो तेही सांगितलं. आईशी असलं कुणी बोलतं का, पण बोललो.

तिनं तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला. मग म्हणाली, "मी देवाला काय म्हटलं हुतं? माझं लेकरू वाचू दे. त्यानं वाचवलं. आता ते लेकरू मी वाळवून मारू हुय?"

"पण शब्द दिलावतास."

"शब्द माझा, नियमबी माझ्याकडं दे. तसंबी मी दिवस मावळल्यावर पीत न्हाईच. दोन नियम एकाच घशात ऱ्हातील." आणि मी उठल्यावर मागून ओरडली, "त्रिशलाला सांग, पाणी गाळून देत जा म्हणावं!"

त्या संध्याकाळी मी फोनवर त्रिशलाला सगळं सांगितलं. ती चिडेल असं वाटलं होतं. ती पडद्यापासून बाजूला झाली आणि नुसती भिंत दिसत राहिली.

"चार महिनं," भिंतीमागून आवाज आला. "चार महिनं मला वाटायलंय, माझ्यातच काय ऱ्हायलं न्हाई. एका शब्दानं सांगायचं न्हाईस?"

"चुकलं."

"चुकलं म्हणतोय. ये हिकडं, मग सांगते." थोड्या वेळानं ती परत समोर आली, नाक लाल झालेलं. "ये रे. तीन आठवडं तर तीन आठवडं."

ऑक्टोबरात गेलो. या खेपेला धावलो नाही, सावकाश चालत गेलो, आणि तीही सावकाश आली. पहिल्या संध्याकाळी डोंगरामागं सूर्य गेला, खोलीत उजेड निळा झाला, आणि तिनं तांब्यावर फडकं धरून पाणी गाळलं, कोमट केलं आणि पेला माझ्यासमोर ठेवला. तीन वर्षांत मी त्या वेळी पाणी प्यालो नव्हतो. माझा हात पुढे होईना.

"आईंनी सांगितलंय न्हवं? पाणी पी," ती म्हणाली आणि पेला स्वतःच माझ्या ओठांना लावला. अर्धं पाणी सदऱ्यावर सांडलं. तिच्या हातचं ते पाणी पिताना मला जे वाटलं, ते मला आता लिहिताना आठवतं, पण नुसतं आठवतं.

सहावा दिवस गेला, दहावा गेला, झडप रोज उघडत होती. पन्नास, पन्नास, एक्कावन्न. ती मला दुर्बिणीच्या घुमटात घेऊन गेली. आठ मीटरचा आरसा, आणि त्याच्यावर धुळीचा कण बसला तरी हिला झोप लागत नाही. मी म्हटलं, "माझ्याकडं कधी एवढं बघितलं न्हाईस." ती म्हणाली, "तू कुठं एवढा गुळगुळीत हाईस?" घुमटाचा रखवालदार दोर्जे हसला, त्याला मराठी येत नाही, तरी हसला.

बावन्न. त्रेपन्न.

बाविसावा दिवस गुरुवार होता. त्या गुरुवारी हंगामातली शेवटची गाडी लेहला जाणार होती. त्यानंतर रस्ता बंद, मार्चपर्यंत. त्रिशलाच्या कामाला अजून वर्ष बाकी होतं, आणि हिवाळ्यात पठारावर तेरा माणसं उरतात. गेल्या हिवाळ्यात ती त्या तेरांत एकटी कशी राहिली, हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. दोर्जेनं खुणांनी सांगितलं. ती आरशाशी बोलायची.

माझी पिशवी दारात भरून ठेवलेली होती. पहाटेचा आकडा त्रेपन्न होता. चार-पाच दिवसांत झडप लागणार हे दोघांनाही ठाऊक होतं. खाली माझा हंगाम सुरू होत होता. खाली ओढ होती, फोन होता, काहिलीचा धूर होता. आठवण काढून काढून मी हिवाळा काढला असता, मार्चमध्ये पुन्हा तीन आठवडे आलो असतो, आणि आम्ही आयुष्यभर एकमेकांवर असंच लांबून प्रेम केलं असतं. काही वाईट नाही. पुष्कळांना तेवढंही मिळत नाही.

ड्रायव्हरनं हॉर्न दिला. त्रिशला माझ्या मफलरची गाठ बांधत होती आणि चष्म्याआडून गाठीकडेच बघत होती.

"मी थांबू?" मी विचारलं.

तिचे हात थांबले. "झडप लागंल."

"लागंल."

"मग तुला मी नको हुईन."

"नको न्हाई. तसं नसतंय ते. नुसतं काय वाटणार न्हाई."

"चार महिनं, भूपाल. मला सोसंल का?"

"ते तू सांग. तू जा म्हटलीस तर जातो."

तिनं बांधलेली गाठ पुन्हा सोडली. मग मी बोललो. सातवीतल्या वेणीपासून चष्म्यापर्यंत, जे जे मला त्या क्षणी वाटत होतं ते सगळं, धाप लागत, थांबत, सांगून टाकलं. चार दिवसांनी ते माझ्याकडे उरणार नव्हतं, तेव्हा तिच्याकडे तरी ठेवावं म्हणून. तुझ्याजवळ राहायची ओढ आहे म्हणून मी थांबतोय, म्हटलं, आणि थांबलो की ती ओढच जाणार आहे. तर ती होती, एवढं तू लक्षात ठेव.

"एक अट," ती म्हणाली. "खोटं बोलायचं न्हाई. मी रोज विचारणार, काय वाटतंय. तू खरं सांगायचं. जूनसारखं नाटक केलंस तर याद राख."

"बरं."

तिनं बाहेर जाऊन ड्रायव्हरला हात केला. गाडी गेली. आम्ही दारात उभे राहून तिची धूळ खाली बसेपर्यंत बघत होतो. मी दादाला फोन केला. तो एवढंच म्हणाला, "काहील उतरवायची कवा, ते व्हिडिओवर बघून सांग म्हंजे झालं."

सोमवारी पहाटे टिक-टिक झालं.

आता डिसेंबर संपत आला आहे. खिडकीला आतून बर्फ धरतं. डॉक्टर वसगडेकरांनी हाडांसाठी गोळी सांगितली आहे, त्या फोनवर आकडे बघतात आणि झडप बंद आहे तोवर धोका नाही म्हणून सांगतात. बावन्नच्या खाली आलं तर ती उघडेल. अजून आलेलं नाही. मी रोज तिचे मोजे हीटरवर ठेवतो, कणीक मळतो, ती घुमटातून यायची वेळ झाली की दिवा लावतो. हे सगळं मला ठाऊक आहे म्हणून करतो. त्या गुरुवारी दारात जो माणूस बोलला त्याचे शब्द मला पाठ आहेत, आणि वाटलंच काही, तर त्या माणसाचा थोडा हेवा वाटतो.

काल ती आली तेव्हा दिवस मावळून गेला होता. बूट काढले, मोजे बदलले, चष्म्यावरची वाफ पुसली. मी बघत होतो. मग तिनं रोजचं विचारलं, "आज काय वाटतंय?"

"काय न्हाई."

"खरं?"

"खरं. काय वाटत न्हाई गं." मी थोडा थांबलो. "पर मी हाय की हितं."

ती उठली, तांब्यावर फडकं धरलं, पेला भरला आणि माझ्या हातात दिला.

"पाणी पी," म्हणाली.

मी प्यालो.